हत्तीण चालली ती शीव

राजानं देवाला जमीन दिली की मरुदंगुडीत नुसती काठी टाकून मोजून भागत नसे. काठी पडायची, माप ठरायचं, ते झालंच. पण शीव ठरायची ती हत्तिणीच्या पावलांनी. राजाचा हुकूम गावच्या मुख्यानं डोक्यावर घ्यायचा आणि पुढे चालायचं. मागून हत्तीण यायची. तिचं पाऊल पडेल तिथं लोक धोंडा रोवायचे आणि धोंड्याशेजारी कुंपणाला लावतात त्या शेराचं रोप लावायचे. पाऊल पडलं की पडलं. ते मागे घ्यायची मुभा खुद्द राजालाही नव्हती.

म्हणून हत्तिणीनं पहिलं पाऊल उचलायच्या आत मुख्यानं ओरडून सांगायचं असे, की शिवेच्या आत येत असूनही दानातून काय काय वगळायचं. कुणाला आधीच दिलेली बाग, पाण्याची वाट, गुरांचा पाणवठा. जे वगळलं ते वाचलं. जे तोंडातून निघालं नाही ते गेलं. आणि फेरा पुरा झाला की शेवटची हाक. ‘जुन्या कुळांनो, उठा, जागा मोकळी करा!’ मग तिथली कुळं आपलं चंबूगबाळं उचलायची. त्यांना दुसरीकडे बदली जमीन मिळायची. मरुदंगुडीत कधी कुणी कुरकुर केली नव्हती, कारण हुकूम मुख्याच्या डोक्यावरून येतो, त्याच्या कनवटीतून येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मुख्या सात्तन वेळाननं ही हाक आजवर बऱ्याचदा दिली होती. आवाज खणखणीत, छाती रुंद, गावात शब्दाला वजन.

या खेपेचं दान देवळाला होतं. सांजदिवा आणि दिव्यापुढचं गाणं कायमचं चालावं म्हणून राजानं गावाच्या उगवतीची जमीन शंकराला वाहिली होती. गाणारी होती सोलै, सगळ्या गावाची पाट्टी, म्हणजे आजी. केस कापसासारखे, दात मोजके, पण गळा अजून पोरीचा. ती गाता गाता मध्येच थांबून देवाची गोष्ट सांगायची, पुढे बसलेल्याची फिरकी घ्यायची, आणि लोक हसत असतानाच पुन्हा अशी सुरात शिरायची की डोळे केव्हा भरले ते ज्याचं त्याला कळायचं नाही. इतकी वर्षं मूठभर तांदळावर गायली होती बिचारी. आता तिच्या गाण्याला स्वतःची जमीन मिळणार होती.

तेव्हा दान चांगलंच होतं. सात्तनलाही ते मनापासून आवडलं होतं. एकच गोष्ट आडवी येत होती, आणि ती म्हणजे रांजणमाळ.

रांजणमाळ दानाच्या जमिनीच्या ऐन मध्यावर होता. गाव वसायच्या आधी, देऊळ व्हायच्या आधी, कुठल्याही राजाचं नाव इथं घेतलं जायच्या आधी इथं जी माणसं होती ती तिथं पुरलेली होती. मेलेल्याला गुडघे पोटाशी घेऊन मोठ्या रांजणात बसवायचे, वर झाकण ठेवायचे, अशी त्यांची रीत. पावसानं माती धुपली की एखाद्या रांजणाचा काठ वर दिसायचा. गुराखी तिथं गुरं न्यायचे नाहीत. बाकी कुणी त्याचा फारसा विचार करत नसे.

माळ वगळायला तोंडाचे दोन शब्द पुरले असते. पण मग दानाचं माप कमी पडलं असतं, आणि ते भरून काढायला शीव पलीकडे सरकली असती. पलीकडे होतं सात्तनचं पाणी सोडायच्या मोरीजवळचं शेत. कालव्याचं पाणी सगळ्यांत आधी त्या शेतात यायचं. बापानं केलेलं, आजोबानं केलेलं.

आदल्या सांजेला जेवताना बायको उमै म्हणाली, “अहो, उद्या तो रांजणमाळ वगळायला विसराल.”

“विसरेन कशाला?”

“तुमचं तोंड तसं दिसतंय म्हणून म्हटलं. ताक वाढू का आणखी?”

सात्तननं भाताकडे बघत मान हलवली. हो म्हणाला की नाही म्हणाला, ते उमैला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं असतानाच सगळे जमले. राजाचा अधिकारी पालखीतून आला. अरंगन त्याचं नाव, घाम पुसण्यात त्याचा निम्मा जन्म गेलेला. माहूत कुट्टन पोन्नी हत्तिणीच्या मानेवर बसून पान चघळत होता. पोन्नीच्या कपाळावर हळदीचे पट्टे होते. सोलै आपली काठी टेकत मुद्दाम आली होती.

“बोला वेळान, काय वगळायचं ते,” अरंगन म्हणाला.

सात्तननं हुकूम डोक्यावर घेतला. दोन्ही हातांनी धरला. आणि आवाज लावला.

“धोब्यांचं तळं वगळून! देवाला आधी दिलेली फुलबाग वगळून! कालव्याची वाट वगळून!”

पुढचे शब्द जिभेच्या टोकाशी आले. समोर त्याला मोरी दिसत होती, आणि मोरीतून उतरणारं चकचकीत पाणी. तो थांबला. लोकांना वाटलं दम घेतोय. कुट्टननं चघळणं थांबवून खाली वाकून विचारलं, “काका, झालं का?”

“झालं,” सात्तन म्हणाला. मनात म्हणाला, मडक्यांना काय कळतंय.

पोन्नीनं पाऊल उचललं.

फेरा नीट चालला. धोंडे रोवले गेले, शेर लागला. बाहेरची शीव झाल्यावर रिवाजाप्रमाणे हत्तिणीनं दानाच्या जमिनीतून मधोमध एकदा आडवं जायचं असे. ती रांजणमाळाच्या कडेला आली आणि उभी राहिली. सोंड खाली केली, मातीवरून फिरवली, पण माती उचलली नाही. आईनं झोपलेल्या लेकराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघावा तशी तिनं ती सोंड जागोजागी धरली.

“काय गं, काय झालं?” कुट्टननं तिच्या कानामागे पायानं दाबलं. “काका, ही जात नाही.”

“अंकुश कशाला दिलाय तुला?” अरंगन ओरडला. “ऊन चढतंय!”

कुट्टननं अंकुश लावला नाही. नुसता पुटपुटला तिच्याशी. मग पोन्नी चालली. पण एवढं अवजड जनावर, ते बोटांवर चालल्यासारखं चाललं. झोपलेल्या माणसांच्या गर्दीतून कुणाचा हात तुडवला जाऊ नये म्हणून माणूस चालतो तसं. तिच्या पायाचा आवाजच झाला नाही.

फेरा संपला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. सात्तन शेवटच्या धोंड्यावर चढला.

“जुन्या कुळांनो, उठा! जागा मोकळी करा!”

हाक माळावर गेली आणि परत आलीच नाही. एरवी त्या जागी आवाज घुमायचा. शेताशेतांतली पाखरं एकदम गप्प झाली. आणि मग त्या टळटळीत उन्हात सगळ्यांनी एक आवाज ऐकला. फार वेळ मांडी घालून बसलेली पुष्कळ माणसं एकदम उठली की जसा होतो तसा. गुडघे कडकड वाजल्याचा, वस्त्रं झटकल्याचा.

“वारा सुटला वाटतं,” अरंगन घाम पुसत म्हणाला.

शेराचं एक पान हलत नव्हतं. सोलै डोळे बारीक करून माळाकडे बघत होती. तिनं हळूच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी देवळाची माणसं माळावर नांगर घेऊन गेली आणि लगेच सात्तनला बोलावणं आलं. तो गेला तर माणसं नांगर सोडून लांब उभी होती. कुट्टनही आला होता.

रांजण उघडे होते. सगळे. माती बाजूला सारलेली, झाकणं काठाला नीट टेकवून ठेवलेली. आत हाड नाही, राख नाही, मणी नाही. आतून ओल्या हातानं पुसून घेतल्यासारखे स्वच्छ. आणि सगळा माळ झाडलेला. झाडूच्या फराट्यांवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

“चोर,” कुणीतरी म्हणालं.

“चोर झाडून काढतो का?” कुट्टन म्हणाला. “माझी आई घर सोडताना असं करायची. दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं म्हणून.”

सात्तननं एका झाकणाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. पण तो मुख्या होता. म्हणाला, “नांगर धरा. देवाची जमीन आहे आता.” नांगर कुणी धरला नाही.

त्या सांजेला तो देवळात गेला. अंगणात गावची थोडकीच माणसं होती, सगळी भिंतीला लागून बसलेली. मधली जागा मोकळी. सोलै दिव्यापुढे बसली, टाळ हातात घेतले, आणि गायच्या आधी त्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, “जरा सरकून बसा बाबांनो. मागच्यांना दिसत नाही.”

लोक हसले. सोलैची सवयच होती. पण सात्तन हसला नाही, कारण अंगणातल्या वाळूवर ओळीनं खळगे पडत चालले होते. माणूस सरकून बसल्यावर पडतात तसे.

ती गायली. देव लाकूडतोड्याचा वेश घेऊन एका म्हातारीचं सरपण वाहून देतो, ती गोष्ट तिनं लावली होती. म्हातारी देवाला कामचुकार म्हणून रागावते, तिथं गाव खदखदून हसायचं. आज हसू आलं ते उशिरा आणि मधूनच. बाकीच्यांकडे बघून कुणीतरी हसावं तसं, बिन आवाजाचं. फक्त दिव्याच्या ज्योतीला ते लागलं आणि ती थरथरली.

गाणं झाल्यावर सात्तन तिच्याजवळ गेला. “कोण होतं, पाट्टी?”

“तूच उठवलेस आणि मला विचारतोस?” टाळांना दोरी गुंडाळत ती म्हणाली. “गरीब आहेत रे. आपल्या देवाचं नाव त्यांना माहीत नाही. नमस्कार कधी करायचा तेही कळत नाही, एकमेकांकडे बघून हात जोडतात. पण काय ऐकतात! माझ्या जन्मात असे ऐकणारे मिळाले नाहीत.” मग तिचा आवाज खाली आला. “गाणं संपल्यावर त्यांना जायला कुठं नाही, सात्तन. ते गावात जातात.”

गावात ते खरंच आले होते. पहिल्यांदा कळलं ते बायकांना. शेजारणीची रिकामी कणगी उचलवेना. उमैनं धुऊन पालथी घातलेली घागर सकाळी सुलटी होती, आणि तिला हात लावला तर आतून कुणीतरी बसल्यासारखी जड. झाकण काढलं तर रिकामी. कुंभाराकडची कच्ची मडकी रातोरात तडकली. त्याची बायको म्हणाली, माणसं बसली असणार, लहान पडली त्यांना. खुराड्यातल्या कोंबड्या अंड्यांवरून उठून गेल्या त्या परत बसेनात. जे जे म्हणून गोल होतं, पोकळ होतं, झाकता येण्यासारखं होतं, तिथं कुणीतरी जागा आहे का बघून जात होतं.

कुणाचं काही वाईट केलं नाही त्यांनी. एका घरात तर सांडलेले तांदूळ वेचून ठेवलेले सापडले. त्यामुळंच लोक जास्त घाबरले. शिव्या घालाव्यात असं भूत असतं तर बरं होतं.

सात्तनच्या घरी त्याची सून नंगै पोटुशी होती. दिवस भरत आलेले. मुलगा कारी राजाच्या फौजेबरोबर दूर गेलेला. पोरगी गोड होती, बडबडी. उमैशी तिचं सासू-सुनेपेक्षा मैत्रिणींसारखं चालायचं. एका दुपारी सात्तन शेतावरून आला तर नंगै ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवत होती.

“कुणाला गं पाणी?”

“आलेत ना पाहुणे, मामंजी. सकाळपासून बसलेत. मी म्हटलं आत या, तर म्हणतात घरधन्याला विचारल्याशिवाय नाही.” ती हसली. “फार रीतीभातीचे आहेत हो. मला नाही कळत त्यांची भाषा, पण समजतं.”

ओटा रिकामा होता. तांब्यातलं पाणी मात्र बघता बघता खाली जात होतं.

सात्तननं तिला हाताला धरून आत नेलं. “त्यांच्याशी बोलायचं नाही. काही विचारलं तरी बोलायचं नाही.”

“एका आजीनं विचारलं तेवढं सांगितलं मी.”

“काय विचारलं?”

“जागा आहे का म्हणून.” नंगैनं आपल्या पोटावर हात ठेवला. “म्हणजे असा हात करून विचारलं तिनं. मला वाटलं कुणाला राहायला हवीय. म्हटलं, असेल हो, घरधन्याला विचारते.” मग तिचं हसू मावळलं. “मामंजी, सकाळपासून हे हललं नाही. रोज ताक घुसळल्यासारखं हलतं. आज जड झालंय नुसतं. कुणीतरी आत गुडघे पोटाशी घेऊन बसलंय आणि वाट बघतंय, असं वाटतं.”

उमै दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पदर तोंडाशी धरून नवऱ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात फेऱ्याच्या आदल्या सांजेचं जेवण होतं, ताक होतं, आणि न दिलेलं उत्तर होतं.

सात्तन तसाच उन्हात अरंगनच्या मुक्कामी गेला. अधिकारी केळीच्या सावलीत पेज पीत होता.

“बदली जमीन हवी आहे,” सात्तन म्हणाला. “उठवलेल्या कुळांना.”

“कुठली कुळं? तिथं तर कुणीच कसत नव्हतं.”

“रांजणमाळावरची.”

अरंगननं वाटी खाली ठेवली. हसावं की रागवावं ते त्याला ठरवता येईना. “वेळान, त्यांचं नाव काय घालू? बापाचं नाव काय घालू? राजधानीत जाऊन सांगू की मरुदंगुडीच्या मडक्यांना धानाची जमीन द्या?” पण बोलता बोलता त्याचं लक्ष आपल्या पेजेच्या मोठ्या मडक्याकडे गेलं. झाकण आपोआप अलगद उचललं गेलं, आत डोकावल्यासारखं थांबलं, आणि पुन्हा बसलं. अरंगन उठला. पालखीवाल्यांना हाक मारली. “माझं काम हत्तीण चालेपर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा!” पेज तशीच टाकून तो गेला.

देवळाच्या पायरीवर सोलै माळेसाठी फुलं निवडत बसली होती. सात्तन तिच्या पायाशी मटकन बसला. त्याच्या रुंद छातीतून हुंदका आला तेव्हा तिनं फुलं बाजूला ठेवली.

“पाट्टी, मी माळ मुद्दाम वगळला नाही. मोरीचं शेत जाईल म्हणून.”

“ते मला तेव्हाच दिसलं.” तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान होता तेव्हा फिरवायची तसा. “अरे, ती माणसं आपल्या राजाची नाहीत. कुणाच्याच राजाची नाहीत. तरी तू हुकूम डोक्यावर घेऊन सांगितलंस, उठा, आणि ती उठली. झाडून काढून उठली. एकानं विचारलं नाही की कोण तू. आता वाट बघतायत. जिनं उठवलं ती हाकच आता जागा देईल, एवढंच त्यांना कळतं.”

“देव नाही का काही करणार?”

“देवानं त्यांना माझ्या अंगणात बसवून घेतलं. त्याचं काम त्यानं केलं. जमीन द्यायचं काम मुख्याचं.” मग ती मिश्कीलपणे म्हणाली, “आणि लवकर दे बाबा. रोज तीच गोष्ट लावायला सांगतायत. म्हातारी देवाला रागावते ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोन्नी मोरीजवळच्या शेतावर आली. हळदीचे पट्टे नव्हते, वाजंत्री नव्हती. गावातले लोक बांधावर लांब उभे राहिले. कुट्टनचे ओठ पांढरे पडले होते.

“काका, हिला आणायला गेलो तर साखळी सोडून ही दारात उभी. मी अंकुश घरीच ठेवलाय.”

“बरं केलंस.”

राजाचा हुकूम नव्हता. सात्तननं शेतातलं एक मातीचं ढेकूळ उचललं आणि डोक्यावर घेतलं. दोन्ही हातांनी धरलं. आता वगळायचं सांगायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला.

“नंगैचं पोट वगळून!”

पोन्नी तटस्थ उभी होती. कान हलत नव्हते.

“गावातल्या कणग्या वगळून! घागरी वगळून! कोंबड्यांची अंडी वगळून! कुंभाराचा आवा वगळून! ज्यात अजून जन्मायचंय कुणी, ते सगळं वगळून!”

तो थांबला. कुट्टननं वरून वाकून बघितलं. या खेपेला त्यानं काही विचारलं नाही. सात्तननं मोरीकडे पाहिलं. पाणी चकचकत उतरत होतं. ते वगळायचा शब्द तोंडात तयार होता, आणि त्यानं तो गिळला.

“बाकी काही वगळलं नाही. पाण्यासकट.”

पोन्नीनं पाऊल उचललं. मऊ चिखलात तिचं पाऊल रुतायला हवं होतं, पण ती तशीच बोटांवर चालली. सात्तन पुढे होता. मागे हत्तिणीचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्याही मागे चिखलातून पुष्कळ पायांचा चुबुक चुबुक आवाज. म्हाताऱ्यांचे पाय, पोरांचे पाय, कुणाचे ओढत चालणारे. वळून बघायची त्याची छाती झाली नाही. बांधावर उभ्या असलेल्यांनी नंतर सांगितलं की हत्तिणीमागे त्यांना कुणी दिसलं नाही. फक्त कोवळं भातरोप ओळीनं वाकत होतं आणि पाऊल उचललं गेल्यासारखं पुन्हा ताठ होत होतं. बांधावर सोलै बसली होती. ती हळू आवाजात गात होती.

फेरा पुरा झाला. धोंडा सात्तननं स्वतः रोवला, शेर स्वतः लावला. तो हाश्श करणार इतक्यात त्याच्या ध्यानात आलं की अजून एक हाक उरलीय. ती दिल्याशिवाय दान पुरं होत नाही. आणि या शेताचं जुनं कूळ एकच होतं.

बांधावरून उमै बघत होती. तिलाही ते कळलं. ती ओरडली, “द्या हाक! मी आहे ना घरी!”

सात्तन धोंड्यावर चढला. “जुन्या कुळांनो,” तो म्हणाला, आणि मग खणखणीत आवाजात, “उठा! जागा मोकळी करा!”

हाक शेतावरून गेली. या खेपेला ती घुमून परत आली, आणि आली ती सरळ त्याच्या पायांत शिरली. पाय आपोआप वळले. त्याला वाकून मूठभर माती घ्यायची होती, पण पाय थांबले नाहीत. शिवेबाहेर पहिलं पाऊल पडलं तेव्हाच ते त्याचे झाले. मागे शेतभर पुष्कळ माणसं एकदम खाली बसल्याचा आवाज झाला. गुडघे वाजल्याचा, लांब सुस्कारा सोडल्याचा.

घराकडून शेजारीण धावत येत होती. “हललं! उमै, हललं गं! लाथा मारतंय नुसतं!” उमैनं तिथंच बांधावर बसून रडून घेतलं. सोलैनं टाळ थांबवले नाहीत.

नंगैला मुलगी झाली. कारी परत आला तेव्हा ती रांगत होती. त्याला शेताचं सांगितलं तेव्हा पोरीला उचलून तो म्हणाला, बरं झालं.

मोरीजवळचं शेत कुणी नांगरलं नाही, कुणी पेरलं नाही. पाणी मात्र अजूनही सगळ्यांत आधी तिथंच उतरायचं. भात आपोआप यायचा, पिकायचा, आणि एका सकाळी कापलेला असायचा. धाटं एकसारखी, आणि सगळं शेत झाडलेलं. गावात जिथं पोरंबाळं जास्त आणि धान्य कमी, त्या घराच्या ओट्यावर तांदळाची एखादी रास सापडायची. सोलै आता सांजेचं गाणं देवळात करायची आणि त्यातलं एक उरवून ठेवायची. ते शेताच्या कडेला बसून म्हणायची. म्हातारी देवाला रागावते, तेच.

सात्तननं कितीदा तरी शिवेच्या धोंड्याजवळ जाऊन पाय पुढे टाकून पाहिला. पाय उचलायचा, पण आत पडायचा नाही. मग त्यानं नाद सोडला. तो बांधावर पाण्याचा तांब्या ठेवून बसायचा आणि गाणं ऐकायचा.

त्याची नात मात्र शेतात पाहिजे तशी हुंदडायची. नंगै पहिल्यांदा घाबरली, पण पोरीच्या पायाला कधी काटा लागला नाही की चिखल लागला नाही. एकदा उन्हं कलताना ती भातातून पळत आली आणि आजोबांच्या गुडघ्याला धरून म्हणाली, “आजोबा, ती आजी विचारतेय, तुम्ही रोज बाहेरच का बसता?”

सात्तननं तिच्या केसांत अडकलेलं भाताचं पातं काढलं.

“सांग तिला,” तो म्हणाला, “मी इथलं जुनं कूळ. मला उठायचा हुकूम झालाय.”

पोर पळत आत गेली. उंच भातात दिसेनाशी झाली. सोलै गायची थांबली. सगळं शेत एकदम स्तब्ध झालं, कान देऊन बसल्यासारखं. मग पोर परत आली, धापा टाकत, आनंदात.

“आजी म्हणाली, माहीत आहे. तुमची जागा झाडून ठेवलीय.”